पडद्यावरील सेकंदांचा हिशेब

व्यापारी घरांतील कोणताही समारंभ आता छायाचित्रांच्या चित्रफितीवाचून पुरा होत नाही. लग्नाच्या आदल्या रात्रीचे संगीत असो, वडिलांची एकसष्टी असो, पेढीची पन्नाशी असो, मासक्षमणाचे पारणे असो वा दिवंगत ज्येष्ठांची गुणानुवाद सभा असो. सभागृहातील दिवे मंद होतात, एखादे गीत सुरू होते आणि घराण्याचा इतिहास पडद्यावर एकामागून एक सरकू लागतो. पूर्वी हे काम स्टुडिओवाल्याकडे ‘मिक्सिंग’ला दिले जात असे. आता बहुधा घरातीलच एखादी नात किंवा नातू एका रात्रीत मोबाइलवर ते उरकून टाकतो. साधने स्वस्त झाली आहेत आणि छायाचित्रांचा तर तुटवडाच उरलेला नाही. तरीही फीत संपल्यावर मागच्या रांगेतून हमखास एक प्रश्न ऐकू येतो : “मघाशी काकांच्या शेजारी उभे होते ते कोण?” उत्तर देणाऱ्यालाही ते नीट दिसलेले नसते.

छायाचित्रांची निवड प्रेमाने होते, गीतावर घरात दोन दिवस चर्चा झडते. पण प्रत्येक छायाचित्र पडद्यावर किती वेळ राहावे, हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाही. तो निर्णय यंत्रावर सोपवलेला असतो. चित्रफीत जोडण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये स्थिर छायाचित्राला ४ किंवा ५ सेकंद आणि दोन चित्रांमधील सांध्याला साधारण १ सेकंद असा काळ आधीच नेमलेला असतो. दीडशे छायाचित्रे आत टाकली की दीडशे छायाचित्रांना सारखेच सेकंद मिळतात. वरकरणी हा न्याय वाटतो. प्रत्यक्षात भांडवल, उधारी आणि चहापाण्याचा खर्च एकाच रकान्यात लिहून ठेवण्यासारखा हा प्रकार आहे.

माणसाचा डोळा चित्र एका दमात पाहत नाही. तो एका बिंदूवर क्षणभर टेकतो, तेथून झेप घेतो आणि दुसरीकडे टेकतो. एका सेकंदात असे साधारण तीन थांबे होतात. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी या हालचालींचा फार बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. चित्रकार इल्या रेपिन यांचे एक गाजलेले चित्र आहे. बऱ्याच काळानंतर अचानक घरी परतलेला माणूस आणि त्याला पाहून चकित झालेले त्याचे कुटुंबीय, असा त्याचा विषय. यार्बस यांनी हे चित्र समोर ठेवून निरनिराळे प्रश्न विचारले. या लोकांची वये काय असावीत, असे विचारले की पाहणाऱ्याचा डोळा चेहऱ्यांवरून फिरे. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की तो कपड्यांकडे आणि सामानसुमानाकडे वळे. डोळा पाहतो ते मनातल्या प्रश्नाच्या मागे जाऊन. समारंभाला आलेला प्रत्येक नातेवाईकही असाच एक प्रश्न मनात घेऊन बसलेला असतो : यात आमच्या घरचे कोण आहे?

आता हिशेब सोपा होतो. दुकानाच्या उद्घाटनाच्या जुन्या छायाचित्रात २४ माणसे उभी आहेत असे धरू. प्रत्येक चेहऱ्यावर डोळा एकदाच टेकवायचा म्हटले तरी ८ सेकंद लागतात. ओळख पटणे आणि शेजारी बसलेल्या वहिनींना कोपराने डिवचून सांगणे, यांना आणखी दोन सेकंद तरी हवेत. म्हणजे १० सेकंद झाले. यंत्राने मात्र त्याला ५ दिलेले असतात. उलट फुलांनी सजवलेली मोटार, केकचा तुकडा, विमानतळावरची सामानाची ढकलगाडी यांनाही तेच ५ मिळालेले असतात. तेथे अडीच पुरले असते. एकट्या माणसाचे ओळखीचे छायाचित्र चार सेकंदांत पोचते. जुने, काळे-पांढरे, सध्याच्या पिढीने कधी न पाहिलेले छायाचित्र असेल तर त्याला सात-आठ सेकंद द्यावेत, कारण तेथे पाहणाऱ्याला साठ वर्षांपूर्वीच्या चेहऱ्यातून आजचा चेहरा शोधून काढायचा असतो.

छायाचित्राखाली मजकूर असेल तर एक अडचण वाढते. अक्षरे दिसली की डोळा आधी अक्षरांकडे जातो. चित्र नंतर पाहिले जाते. ‘१९७२, बाजारपेठेतील पहिले दुकान’ एवढी ओळसुद्धा सावकाश मोठ्याने वाचून पाहावी, घड्याळ लावावे आणि तो वेळ छायाचित्राच्या वेळेत मिळवावा. चष्मा पर्समध्ये राहिलेल्या आजींचा विचार करून त्यात आणखी थोडी भर घातली तर बिघडत नाही.

येथे फीत तयार करणाऱ्याची एक स्वाभाविक फसगत होते. काम करताना त्याने प्रत्येक छायाचित्र पन्नास वेळा पाहिलेले असते, त्यामुळे आठ सेकंद त्याला असह्य लांब वाटतात. तो कापत जातो. सभागृहातील प्रेक्षक मात्र ते छायाचित्र प्रथमच पाहत असतो, तेही वीस रांगा मागून, दिवे पुरते न विझलेल्या हॉलमध्ये आणि मांडीवर नातवंड घेऊन. यावर उपाय साधा आहे. ज्याने काम पाहिलेले नाही अशा घरातील एखाद्या ज्येष्ठाला फीत एकदा दाखवावी, आणि त्या वेळी पडद्याकडे न पाहता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे. कोठे त्यांचे ओठ हलू लागतात आणि छायाचित्र निघून जाते, ते नेमके कळते.

सांधा : दोन चित्रांमधील जागा

एका चित्रातून दुसऱ्यात जाण्याचे मार्ग सॉफ्टवेअरमध्ये शेकड्याने असतात. पान उलटते, ठोकळा फिरतो, बदाम फुलतो, पडदा फाटतो. स्टुडिओवाल्यांनी एके काळी यांचा इतका मारा केला की लग्नाची फीत म्हणजे फटाक्यांचे दुकान वाटावे. खरे तर कामाचे मार्ग तीनच. पहिला ‘कट’ : एक चित्र जाते, दुसरे येते, मध्ये काही नाही. दुसरा ‘डिझॉल्व्ह’ : पहिले चित्र विरत असतानाच दुसरे त्यातून उमटते. तिसरा ‘फेड’ : चित्र काळोखात बुडते आणि काळोखातूनच पुढचे वर येते. या तिन्हींचे अर्थ वेगळे आहेत आणि प्रेक्षकाला ते कोणी शिकवलेले नसले तरी कळतात. एकाच दिवसाची, एकाच समारंभाची छायाचित्रे कटने जोडावीत. हळदीनंतर वरात, वरातीनंतर मंगलाष्टके, अशा ठिकाणी विरघळण्याचे कारण नसते. काळ पुढे सरकला हे सांगायचे असेल तेथे डिझॉल्व्ह हवा. एक प्रकरण संपले असेल तेथे काळोख हवा. गाव सुटले, भागीदारी वेगळी झाली, घरातील कोणी गेले, असे हे प्रसंग. प्रत्येक सांध्याला काळोख वापरला तर फीत उचक्या देत चालल्यासारखी होते.

चित्रातून चित्र उमटवण्याची युक्ती संगणकाने आणलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काचेवर रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकणारी यंत्रे लोकप्रिय होती. तेथे हेन्री लँगडन चाइल्ड यांचे नाव विरघळत्या देखाव्यांशी जोडले जाते : दोन दीप शेजारी ठेवायचे, एकाचा प्रकाश हळूहळू झाकायचा आणि त्याच वेळी दुसऱ्याचा उघडायचा. उन्हाळ्यातील गिरणी प्रेक्षकांच्या देखत हिमाच्छादित होई. हीच करमणूक आपल्याकडे १८९० च्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी आपल्या मुलांच्या साथीने उभी केली. ‘शांबरिक खरोलिका’ हे तिचे नाव. हाताने रंगवलेल्या काचांवरील पौराणिक कथा निवेदनाच्या साथीने पडद्यावर सादर होत. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. म्हणजे स्थिर चित्रांतून गोष्ट सांगण्याची कला महाराष्ट्रात चित्रपटाहून जुनी आहे. तेथे चित्र किती वेळ ठेवायचे हे निवेदकाच्या वाणीवर ठरे. श्रोते रंगले की काच थांबे.

ही मुभा पुढेही काही काळ टिकली. कोडॅक कंपनीचा गोल तबकडीचा ‘कॅरोसेल’ प्रोजेक्टर १९६१ मध्ये आला. त्याच्या तबकडीत ८० पारदर्शिका बसत आणि एक जाऊन दुसरी येईपर्यंत क्षणभर पडदा अंधारा होई. परदेशप्रवासाहून परतलेल्या काकांचा हात बटणावर असे आणि त्या अंधाराच्या क्षणात ते पुढच्या चित्राची प्रस्तावना करीत. कंपनीने हे यंत्र बनवणे २००४ मध्ये थांबवले. आता फीत एकदा तयार झाली की बटणावर कोणाचाच हात नसतो. जो निर्णय पूर्वी समोरच्या माणसांचे चेहरे पाहून होई, तो आठवडाभर आधी एकट्याने घ्यावा लागतो.

स्थिर छायाचित्रांवर किती भार टाकता येतो, याची तीन उदाहरणे माहीत असावीत. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९५७ मध्ये ‘सिटी ऑफ गोल्ड’ हा लघुपट काढला. सोन्याच्या शोधात डॉसन शहरी लोटलेल्या माणसांची जुनी छायाचित्रे दिग्दर्शक कॉलिन लो आणि वुल्फ कोनिग यांनी कॅमेरा संथपणे त्यांच्यावरून फिरवून दाखवली. अमेरिकेचे केन बर्न्स यांनी या लघुपटाचे ऋण मान्य केले आहे. त्यांची ‘द सिव्हिल वॉर’ ही १९९० ची दूरचित्रवाणी मालिका नऊ भागांची असून तिचा मोठा भाग यादवी युद्धातील छायाचित्रांवर उभा आहे. छायाचित्राच्या आत संथपणे शिरणे किंवा त्यातून बाहेर येणे या हालचालीला ॲपल कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये केन बर्न्स यांचेच नाव दिले. तिसरे उदाहरण फ्रान्सचे. क्रिस मार्कर यांचा १९६२ चा ‘ला जेते’ हा २८ मिनिटांचा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा आहे. त्यात एकाच ठिकाणी चित्र हलते : झोपेतून जागी होणारी स्त्री डोळे उघडते. ते काही क्षणांचे दृश्य मनावर ठसते, कारण आजूबाजूचे सारे स्थिर आहे. प्रत्येक छायाचित्राला आत-बाहेर, डावीकडे-उजवीकडे ढकलत राहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ही हालचाल यंत्रावर सोडली तर फजितीही होते. यंत्राला पणजोबांची पगडी आणि मागची भिंत यांतील फरक कळेलच असे नाही. पगडी अर्धी कापली जाते आणि भिंत मोठी होते. हालचाल हवी तेथे ती स्वतः ठरवावी, आरंभी अर्धा सेकंद चित्र स्थिर ठेवावे, आणि पाच-सहा सेकंदांत चित्र दहा टक्क्यांहून अधिक मोठे करू नये. त्यासाठी मूळ प्रत मोठी लागते. पोस्टकार्ड आकाराचे, म्हणजे ४ बाय ६ इंचांचे छायाचित्र इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले तर ३६०० बाय २४०० बिंदूंचे होते आणि १९२० बाय १०८० बिंदूंच्या पडद्यावर आत शिरायला भरपूर जागा राहते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेले छायाचित्र आक्रसलेले असते. नातेवाइकांना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्यास सांगावे.

दोनदा मांडलेला सेकंद

फीत गीताआधीच संपली, किंवा गीत संपले तरी छायाचित्रे चालूच राहिली, ही तक्रार सार्वत्रिक आहे. तिचे मूळ एका साध्या नोंदीत आहे. ६० छायाचित्रे, प्रत्येकी ५ सेकंद, म्हणजे ३०० सेकंद. पाच मिनिटांचे गीत पुरेल, असे घरातील तरुण धरून चालतात. पण १ सेकंदाच्या डिझॉल्व्हमध्ये दोन्ही छायाचित्रे एकाच वेळी पडद्यावर असतात. तो सेकंद दोघांच्याही खात्यावर मांडला जातो, घड्याळातून मात्र एकदाच खर्च होतो. ६० छायाचित्रांना सांधे ५९. तीनशेतून एकोणसाठ वजा जाता २४१ सेकंद उरतात, म्हणजे ४ मिनिटे १ सेकंद. पाऊण मिनिटाहून अधिक गीत रिकाम्या पडद्यावर वाजत राहते. प्रत्येकी ६ सेकंद दिले असते तर ३६० वजा ५९, म्हणजे ३०१ सेकंद, असा मेळ बसला असता.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. पाच सेकंदांच्या छायाचित्राचा पहिला सेकंद उमटण्यात आणि शेवटचा विरण्यात जातो. निर्भेळ दर्शन उरते तीन सेकंदांचे. कोणी शोभेसाठी डिझॉल्व्ह दोन सेकंदांचा केला तर ते एकाच सेकंदाचे राहते. फीत मोहक दिसते खरी, पण चेहरे पाण्याखालून पाहावेत तसे सरकत जातात. म्हणून सांधा लांबवायचा असेल तर छायाचित्राचा काळ त्याच्या दुप्पट प्रमाणात वाढवावा.

हा हिशेब कोठे खरा कसाला लागतो, ते एका घराच्या उदाहरणाने पाहू. नावगाव महत्त्वाचे नाही. असे घर प्रत्येक बाजारपेठेत सापडेल. १९५९ मध्ये अठराव्या वर्षी सून होऊन आलेल्या आजी ८३ व्या वर्षी, २०२४ मध्ये निवर्तल्या. गुणानुवाद सभेसाठी पाच मिनिटांची फीत करायची आहे. शोधाशोध होते आणि १५० छायाचित्रे जमतात. त्यांपैकी १४७ ही २०१२ नंतरची, मोबाइलवर काढलेली : नातवंडांची लग्ने, तीर्थयात्रा, वाढदिवस, दिवाळी. त्याआधीच्या ५३ वर्षांची मिळून तीन. एक लग्नानंतर स्टुडिओत काढलेले. दुसरे दुकानाच्या उद्घाटनाचे, ज्यात पुरुष मंडळी पुढे उभी आहेत आणि आजी मागे दाराच्या चौकटीत अर्ध्या दिसतात. तिसरे कुठल्याशा ओळखपत्रासाठी काढलेले. अल्बममध्ये आजोबा भरपूर आहेत. व्यापाऱ्यांच्या संमेलनात, हारतुऱ्यांत, नव्या ट्रकपाशी. आजींच्या वाट्याला कॅमेरा आला तोवर त्यांचे केस पिकले होते. त्या पिढीतील बहुतेक स्त्रियांची हीच कथा आहे.

दीडशेच्या दीडशे छायाचित्रे प्रत्येकी चार सेकंदांनी लावली तर फीत दहा मिनिटांची होते. त्यात ५३ वर्षांना १२ सेकंद आणि अखेरच्या १२ वर्षांना ५८८ सेकंद मिळतात. ज्या वर्षांत त्यांनी एकत्र कुटुंब सांभाळले, दुकानात माल उतरवणाऱ्यांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांचे जेवण पाहिले, मुलींची लग्ने केली, ती वर्षे खोकला येऊन जावा तशी निघून जातात. पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ती सोफ्यावर बसून केक भरवून घेणारी वृद्धा. यात कोणाची लबाडी नाही. सारख्या वाटपानेच हे होते.

त्याच पाच मिनिटांची, म्हणजे ३०० सेकंदांची, दुसरी मांडणी करून पाहावी. आरंभीच्या नाव व सालाच्या पाटीला ६ सेकंद. लग्नानंतरच्या छायाचित्राला १८ : आधी पूर्ण चित्र ८ सेकंद, मग केवळ आजींचा चेहरा १० सेकंद. दुकानाच्या उद्घाटनाला २२ : आठ सेकंद संपूर्ण समुदाय, मग चौदा सेकंदांत पुढच्या रांगेवरून अगदी संथपणे मागच्या दाराकडे. येथे हालचालीला खरा अर्थ येतो, कारण तोवर सभागृहातील कोणीही त्या दाराकडे पाहिलेले नसते. (दहा टक्क्यांची मर्यादा येथे मोडते, ती मोडण्यासाठीच हे एक ठिकाण राखून ठेवावे.) ओळखपत्रावरील छायाचित्राला १०. या तिघांचे मिळून ५० सेकंद झाले. अखेरच्या छायाचित्राला १४ आणि त्यानंतरच्या काळोखाला १०. उरले २२० सेकंद. सरासरी साडेपाच सेकंदांप्रमाणे त्यात ४० छायाचित्रे बसतात. हे सारे आकडे निव्वळ आहेत, म्हणजे एका सांध्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतचे. १ सेकंदाचा डिझॉल्व्ह वापरायचा तर यंत्रात साडेपाचच्या जागी साडेसहा लिहावे लागतील. १४७ मधून शेवटचे धरून ४१ निवडली गेली, १०६ गळली.

एक सांधा मात्र विशेष काळजीने करावा. ओळखपत्रावरील चेहरा आणि त्यापुढील वार्धक्यातील चेहरा अशा आकाराचे करून घ्यावेत की दोन्ही छायाचित्रांत डोळे पडद्याच्या त्याच जागी येतील, आणि तो डिझॉल्व्ह तीन सेकंदांचा ठेवावा. तरुण डोळ्यांतूनच वृद्ध डोळे उमटतात. सबंध फितीत अशी योजना एकदाच करावी.

गळलेल्या १०६ छायाचित्रांवरून घरात रुसवे होणार, हे गृहीत धरावे. धाकट्या जावयांचे छायाचित्र तीन सेकंद आणि थोरल्यांचे सात सेकंद दिसले, तर ती गोष्ट पुढच्या लग्नापर्यंत लक्षात राहते; फीत करणाऱ्या मुलीला पत्ताही नसतो. यासाठी छायाचित्रे मोजण्याऐवजी माणसांचा हजेरीपट करावा. मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडे, माहेरची मंडळी अशी यादी लिहून प्रत्येक नावापुढे तो चेहरा कोणत्या छायाचित्रात ओळखू येईल इतका दिसतो, त्याचा क्रमांक टाकावा. एक समूहचित्र नीट दहा सेकंद ठेवले तर वीस नावांपुढे एकदम खूण होते. उरलेली सर्व छायाचित्रे सभागृहाच्या प्रवेशापाशी एका टीव्हीवर, गीताशिवाय, प्रत्येकी आठ सेकंदांनी अखंड फिरती ठेवावीत. तेथे लोक उभे राहतात, बोट दाखवतात, परत येऊन पुन्हा पाहतात. मोठ्या पडद्यावर जे साधत नाही ते तेथे साधते.

गीताबाबत थोडेसेच. घड्याळ लावून १५ सेकंदांतील मात्रा मोजाव्यात. १८ भरल्या तर मिनिटाला ७२ मात्रांची लय झाली. दादऱ्याचे सहा मात्रांचे आवर्तन बरोबर ५ सेकंदांत पुरे होते, केरव्याचे आठ मात्रांचे ६ पूर्णांक दोन तृतीयांश सेकंदांत. लग्नाच्या फितीत समेवर चित्र बदलले की सभागृह आपसूक टाळ्या धरते. मात्र येथे पैशांच्या पूर्णांकनासारखा एक घोळ दडलेला असतो. सेकंदाला २५ चौकटी या भारतीय दूरचित्रवाणीच्या प्रमाणानुसार केरव्याच्या त्या आवर्तनाला १६६ पूर्णांक दोन तृतीयांश चौकटी लागतात. यंत्र अपूर्णांक स्वीकारत नाही, म्हणून १६७ लिहिल्या जातात. दर छायाचित्रामागे एक तृतीयांश चौकट जास्त झाली. ४० छायाचित्रांनंतर ही तफावत १३ चौकटींवर, म्हणजे अर्ध्या सेकंदापलीकडे जाते आणि चित्र समेनंतर अर्ध्याहून अधिक मात्रा उशिरा बदलू लागते. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी सुटल्यासारखे वाटते. प्रत्येक अंतऱ्याच्या आरंभी चित्र पुन्हा समेवर आणून ठेवले की शिल्लक जुळते. श्रद्धांजलीच्या फितीत ठेक्याच्या मागे लागूच नये. तेथे छायाचित्र गीताच्या ओळीच्या मधोमध, जणू ठरवून नव्हे असे बदललेले बरे.

समारंभाच्या दिवशी फीत पेनड्राइव्हवर दोन प्रतींत न्यावी आणि पाहुणे येण्यापूर्वी तासभर आधी त्याच प्रोजेक्टरवर सुरुवातीपासून अखेरपर्यंत चालवून पाहावी. अनेक सभागृहांतील पडदे अजून जुन्या, चौरसाकडे झुकणाऱ्या आकाराचे आहेत. तेथे चित्र ताणले गेले तर सडपातळ आजीही ओळखू येत नाहीत. अखेरचा दहा सेकंदांचा काळोख फितीतच जोडलेला असावा, यंत्र चालवणाऱ्याच्या भरवशावर ठेवू नये. तो नसेल तर शेवटच्या छायाचित्राच्या पाठोपाठ लॅपटॉपचा निळा पडदा आणि त्यावरील जीएसटीच्या फायली सर्वांसमोर उघड्या पडतात. सूत्रसंचालकालाही आधीच सांगून ठेवावे, की पडदा काळा झाल्यावर मनात दहापर्यंत अंक मोजावेत आणि मगच माइक हाती घेऊन पुढील वक्त्याचे नाव पुकारावे.